सातव्या टाचणीखाली

मी बहगत अल-शिन्नावी. महल्ला या सूतगिरण्यांच्या शहरात, मेडिकल कॉलेजात एकतीस वर्षं शरीररचना शिकवतोय. या शहरातल्या निम्म्याअधिक डॉक्टरांना माणसाच्या आत काय असतं ते पहिल्यांदा मी दाखवलं. हे मी लग्नात, अंत्ययात्रेत आणि न्हाव्याच्या खुर्चीत सारख्याच उत्साहानं सांगतो. शेवटपर्यंत ऐकून घेतो तो फक्त न्हावी, आणि त्याचाही नाइलाज असतो.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या टेबलावर एक अर्ज पडून होता. पडून म्हणजे मीच तो दाबून ठेवला होता, वर टाचेचं हाड ठेवून. आमच्याकडे कागद दाबायला हाडांना तोटा नसतो. अर्ज इब्तिहाल नावाच्या मुलीचा. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात ती दोन मार्कांनी नापास झाली होती आणि त्यापायी तिचं आख्खं वर्ष गेलं होतं. दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, आणि ही पुन्हा पहिल्याच्या बाकावर बसत होती. अर्जात तिनं तीनच वाक्यं लिहिली होती. ‘सातव्या टाचणीखाली सुती दोरा होता. मी दोरा असं लिहिलं. कृपया एकदा पाहावं.’ विभागप्रमुख म्हणून माझा अभिप्राय गुरुवारी दुपारी दोनपर्यंत परीक्षा कचेरीत गेला नाही, तर अर्ज आपोआप फेटाळला जाणार होता.

अर्ज येऊन अठरा दिवस झाले होते. माझ्या केबिनपासून तो नमुना एक्केचाळीस पावलांवर. दिवसातून तीनदा मी त्याच्यावरून चहा प्यायला जात होतो. या अठरा दिवसांत मी खिडकीतून बाहेर पाहिलं, फोनमध्ये पाहिलं, आरशात तर फारच पाहिलं. नमुन्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहायचं काय त्यात? तो माझा हात होता.

हे नीट सांगायला हवं. आमची प्रात्यक्षिक परीक्षा जुन्या पद्धतीची. हॉलभर टेबलं, टेबलांवर फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेले हात, पाय, काळजं, आणि प्रत्येकात कुठेतरी खोचलेली रंगीत डोक्याची टाचणी. अशा चाळीस टाचण्या. प्रत्येकीजवळ चिठ्ठी: ‘हे काय आहे?’ एका टाचणीला एक मिनिट आणि दोन मार्क. मिनिट संपलं की अम्म मुतवल्ली पितळी घंटा वाजवतो आणि सगळी रांग एक टेबल पुढे सरकते. अम्म मुतवल्ली म्हणजे आमच्या डिसेक्शन हॉलचा शिपाई. वडीलधाऱ्या माणसाला आम्ही अम्म म्हणतो, पण याला त्याच्याहून वयस्क असलेले डीनही अम्मच म्हणतात, कारण हा रागावला की फॉर्मॅलिनच्या टाकीची किल्ली सापडत नाही.

तरुणपणी डॉक्टरेटसाठी चार महिने खपून मी एका अनोळखी माणसाचा उजवा हात सोडवला होता. कातडी आणि चरबी बाजूला करून एकेक स्नायू, एकेक नर्व्ह सुटी केली. त्यात अंगठ्याच्या बुडाशी एक बारीक नर्व्ह आहे, शेवईएवढी जाड. मनगटातून उतरते, तळहातात वळते आणि मागे येऊन अंगठ्याच्या स्नायूत शिरते. ती तुटली तर माणसाला सुई धरता येत नाही. इतकी स्वच्छ सुटलेली ती नर्व्ह दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात नाही, असं माझं मत आहे आणि न्हाव्याला ते पाठ आहे. सातवी टाचणी दरवर्षी तिच्याखालीच असायची. उत्तर म्हणून नर्व्हचं नाव लिहायचं.

इब्तिहालनं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘सुती दोरा’. खाली आणखी काहीतरी बारीक खरडलेलं होतं. चेष्टाच पुढे चालू असणार असं समजून मी ते वाचलं नाही. शून्य मात्र असं दाबून काढलं की कागद फाटला.

जुलैत निकाल लागल्यावर ती भेटायला आली होती. माझ्या केबिनमध्ये तेव्हा पाच-सहा पोरं उभी होती. मला प्रेक्षक असले की चेव येतो.

“वडील काय करतात तुझे?” मी विचारलं.

“सूतगिरणीत आहेत, डॉक्टर. कांड्या भरण्याच्या खात्यात.”

“तरीच! तुला जिकडे तिकडे सूतच दिसणार. इथं माणसं असतात, बाई, कापडाची ठाणं नसतात.”

पोरं हसली. सगळ्यात उशिरापर्यंत मी हसलो. ती सलाम करून गेली. आता एक गोष्ट सांगतो, जी मी न्हाव्यालाही कधी सांगितलेली नाही. घड्याळाच्या चौकात माझ्या वडिलांचं सुताचं दुकान होतं. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत मी तिथं रिळं रचत होतो.

तर तिसऱ्या आठवड्यात डॉ. नेरमीननं तिचं ते यंत्र आणलं. नेरमीन आमच्या विभागातली सगळ्यात तरुण, बारा वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला माझ्याच वर्गात होती. मधे सहा महिने परदेशात प्रशिक्षणाला जाऊन आली आणि डोक्यात भिंत घेऊन आली. एक फिरता पाट. त्यावर नमुना ठेवायचा, चहूबाजूंनी दोन-अडीचशे फोटो काढायचे, आणि मग कॉम्प्युटर ते सगळे जुळवून असा काही हात तयार करतो की तो भिंतीवर हवा तसा फिरवता येतो, हवा तेवढा मोठा करता येतो.

“आधी भिंतीवर बघायचं, मग टेबलाशी येऊन हात लावायचा, मग पुन्हा भिंतीवर,” ती म्हणाली. “एकशे ऐंशी पोरं आहेत, डॉक्टर. मागच्या पोरांना पुढच्यांच्या मानांखेरीज काही दिसत नाही. दोन्ही लागतं.”

“दोन्ही लागतं म्हणजे माझं पुरत नाही.”

“असं कुठे म्हणाले मी?”

“शरीर हातानं कळतं, नेरमीन! तुझ्या भिंतीला वास आहे का? मी एकतीस वर्षं हातानं शिकवतोय.”

हे बोलताना माझ्या हातात लांब छडी होती. गेली कित्येक वर्षं मी नमुन्यांना त्या छडीनंच शिवतो. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात आणि वाकलं की कंबर धरते. हातमोज्यांचं खोकं माझ्या कपाटात आहे, नाही असं नाही. त्यात मी पुदिन्याच्या चहाची पाकिटं ठेवतो.

डीनना यंत्र दाखवायचा कार्यक्रम बुधवारी ठरला, अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी. सकाळी मी नेरमीनला म्हटलं, “माझा हात दाखव.”

“डॉक्टर, हात नको. पाय चांगला आलाय. काळीज तर फारच सुंदर आलंय.”

“हातच.”

“खरंच सांगते, हात राहू द्या.”

“का? तुझं यंत्र माझ्या हातापुढे फिकं पडेल म्हणून?”

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग अम्म मुतवल्लीकडे पाहिलं. तो दारात उभा राहून छताकडे बघत होता. “तुमची मर्जी,” ती म्हणाली. मला वाटलं, हरली.

व्याख्यानाचा हॉल भरला होता. पुढे डीन, मागे पहिल्या वर्षाची सगळी पोरं, तिसऱ्या रांगेत इब्तिहाल. नेरमीननं दिवे घालवले आणि भिंतीवर माझा हात आला. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. चार महिन्यांचं माझं काम, पंचवीस वर्षांनी पलंगाएवढं मोठं होऊन समोर उभं होतं. नेरमीन बोलायला लागणार एवढ्यात मी तिच्या हातातला टॅबलेट काढून घेतला.

“मी दाखवतो. हा हात मी सोडवलाय.” आणि नातू फोनवर करतो तशी मी दोन बोटं फाकवली.

माझी बोटं अशा कामाला नवखी, त्यामुळे जरा जास्तच फाकली. हात गेला, तळवा गेला, आणि आख्ख्या भिंतीवर माझी ती नर्व्ह तेवढी उरली, दोरखंडाएवढी जाड. तिला पीळ होता. दोन पदर एकमेकांत वळलेले, व्यवस्थित, सारख्या अंतरावर. पदरांतून कापसाचे बारीक तंतू बाहेर आलेले. आणि जिथं ती स्नायूत शिरायची तिथं गाठ होती. दुहेरी गाठ, टोकं नीट कातरलेली.

एकशे ऐंशी पोरांतलं एकही हसलं नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

माझं पुढचं वागणं मी आहे तसंच सांगतो. वडिलांनी मला डोळे मिटून सूत ओळखायला शिकवलं होतं. भिंतीकडे बघताच आतून कुणीतरी म्हणालं, चाळीस नंबरी, दोन पदरी. आणि तोंडानं मी ओरडलो, “बघा! बघा यंत्र कसं चुकतं! नर्व्हचा पार सुतळीचा तोडा करून टाकलाय! म्हणून मी सांगतो, शरीर हातानं कळतं!”

डीन जोरजोरात मान हलवू लागले. त्यांना यंत्रात रस नव्हता, त्यांना जेवायला जायचं होतं. “बहगत बे,” ते मानाचं ‘बे’ लावून म्हणाले, “तुम्ही लेखी द्या. यंत्र सदोष आहे म्हणून परत पाठवू.”

“देतो,” मी म्हणालो.

नेरमीननं दिवे लावले. तिसऱ्या रांगेत इब्तिहाल वहीत बघत होती. माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं, तिच्यावर ओरडायला मला एक निमित्त मिळालं असतं.

हॉल रिकामा झाल्यावर मी एक्केचाळीस पावलं चालून डिसेक्शन हॉलमध्ये गेलो.

“अम्म मुतवल्ली, हात दे.”

“आधी चहा घ्या, बाशा.” बाशा म्हणजे साहेब; त्याला काही टाळायचं असलं की मी बाशा होतो.

“हात दे म्हणतो ना.”

“चहा गार होईल.”

“मुतवल्ली!”

त्यानं ट्रे आणून ठेवला. मी कपाटातून हातमोजे आणले होते. त्यांना पुदिन्याचा वास येत होता. कंबरेला हात लावून वाकलो, चष्मा पुसला आणि चिमट्यानं ती नर्व्ह उचलली. ती उचलली गेली, गाठीसकट.

“हे काय आहे?” मी विचारलं. दरवर्षी चिठ्ठीवर लिहायचो, तेच शब्द.

“दोरा,” अम्म मुतवल्ली म्हणाला. त्याला उत्तर द्यायला मिनिटही लागलं नाही. “आमच्या हिच्या शिवणाच्या डब्यातला. कडक चहात रात्रभर भिजवला, मग मेणबत्तीवरून ओढला. रंग कसा आलाय, बघा ना! बारा वर्षं झाली, अजून उतरला नाही.”

“बारा वर्षं?”

“एका पोरानं चिमटा जोरात ओढला, तुटली. पोरगं इथं बसून रडायला लागलं, या स्टुलावर. तुम्ही कैरोला गेला होतात परिषदेला. मला तुमचा आवाज आठवला, बाशा. म्हटलं, आल्या आल्या त्याच्या मानगुटीवर बसतील. म्हणून तात्पुरता लावला. तुम्ही आलात की सांगणार होतो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगायलाच आलो होतो! तुम्ही पोरं जमवून टेबलाशी उभे. चष्मा लावलात, वाकलात, छडी टेकवलीत, आणि म्हणालात, ‘सुब्हानल्लाह! बघा पोरांनो, असलं काम माणसाच्या हातून होणं नाही.’ आता तुम्हीच सांगा, त्यानंतर मी काय बोलायचं?”

मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

“शिवाय,” तो हळूच म्हणाला, “माझ्या कामाची इतकी तारीफ जन्मात कुणी केली नव्हती.”

मला हसू फुटलं. असं फुटलं की मी त्याच रडक्या पोराच्या स्टुलावर बसलो आणि डोळे पुसू लागलो. हातमोजे न काढताच पुसले, त्यामुळे फॉर्मॅलिन डोळ्यांत गेलं आणि खरंच पाणी यायला लागलं. अम्म मुतवल्लीनं मला धरून नळाशी नेलं. तोंडावर पाणी मारता मारता त्या पोरीचा अर्ज आठवला आणि हसू गेलं.

नेरमीन दारात उभी होती. यंत्राची वायर गुंडाळून हातात घेतलेली.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो. “म्हणून हात नको म्हणत होतीस. फोटो काढताना दिसलं?”

“फोटोत नीट दिसलं.”

“नीट म्हणजे? त्याआधी माहीत होतं?”

ती वायरची गुंडाळी सोडून पुन्हा बांधू लागली.

“कधीपासून, नेरमीन?”

“पहिल्या वर्षाला होते तेव्हापासून. डॉक्टर, सगळ्यांनाच माहीत असतं. सीनियर मुलांची एक वही आहे, तिची झेरॉक्स गेटसमोर मिळते. त्यात लिहिलेलं असतं, सात नंबरला दोरा आहे, नर्व्ह लिहा.”

“आणि तू काय लिहिलंस?”

“नर्व्ह. दोनपैकी दोन मिळाले.”

अम्म मुतवल्ली पुन्हा छताकडे बघायला लागला. छताला काही नव्हतं, मीही बघितलं.

म्हणजे भिंतीवर दोरा आल्यावर पोरं का हसली नाहीत ते कळलं. त्यांच्या दृष्टीनं त्यात नवीन काहीच नव्हतं. मी मनातल्या मनात बारा वर्षांच्या तुकड्या उभ्या केल्या. दोन हजारांवर डॉक्टर, झालेले आणि होऊ घातलेले. सगळ्यांनी माझ्यासमोर उभं राहून डोळ्यांनी दोरा पाहिला आणि हातानं नर्व्ह लिहिलं, कारण साहेबांना तेच हवं असतं. शरीर हातानं कळतं असं मी ओरडत होतो, आणि शिकवत होतो ते हे. त्यातल्याच एकानं माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलंय. ऑपरेशन छान झालंय असं मी तेव्हा त्याला म्हणालो होतो, आणि ‘हो, डॉक्टर’ असं तो म्हणाला होता. मला लाज वाटली. एवढी लाज मला एकदाच वाटली होती, सतराव्या वर्षी, जेव्हा कॉलेजातले मित्र दुकानासमोरून गेले आणि मी रिळांच्या मागे लपलो.

“तुम्ही यंत्राची चूक म्हणून लिहून दिलंत तर मी वाद घालणार नाही,” नेरमीन म्हणाली. “यंत्र काय, आज ना उद्या येईल पुन्हा. पण त्या मुलीला उद्या दोनपर्यंतच वेळ आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच तास माझा होता. मी नेरमीनला भिंत लावायला सांगितली आणि अम्म मुतवल्लीला हात आणायला सांगितला. भिंतीवर पुन्हा तो दोरा आला. यावेळी बोटं मी जपून फाकवली.

“काल मी म्हणालो, यंत्र चुकतंय,” मी म्हटलं. “यंत्र बरोबर होतं. हा दोरा आहे. बारा वर्षं हा दोराच आहे आणि तुम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे. गेटसमोरची वहीही बरोबर आहे, पण ‘सात नंबरला दोरा आहे’ एवढ्यापुरतीच. आता रांगेनं या आणि हात लावून बघा. छडी नाही, बोटांनी. मग भिंतीवर बघा. आणि इथून पुढे मी काहीही विचारलं तर जे दिसतंय ते लिहा.”

मागून कुणीतरी टाळी वाजवली, एकच. बहुधा आपण एकटेच आहोत हे कळल्यावर त्यानं हात खाली घेतले. पोरं रांगेनं आली. काहींनी दोऱ्याला बोट लावून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की यातही काही डाव तर नाही ना. तो दोष त्यांचा नव्हता.

इब्तिहाल सगळ्यात शेवटी आली. तिनं हात लावला नाही. मी तिला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

“तुला ती वही मिळाली नव्हती का?”

“मिळाली होती.”

“वाचली नव्हतीस?”

“पाठ होती, डॉक्टर.”

“मग बाई, नर्व्ह का नाही लिहिलंस?”

ती बॅगेचा पट्टा ओढत राहिली. मग म्हणाली, “नर्व्ह लिहायलाच पेन टेकवलं होतं. पण चिठ्ठीवर विचारलं होतं, हे काय आहे. बाबा घरी येतात तेव्हा त्यांच्या बाह्यांवर असलेच तंतू असतात. आई रोज झटकते. ते समोर दिसत होतं आणि मला दुसरं काही म्हणवेना. तेवढ्यात घंटा झाली.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “घड्याळाच्या चौकात माझ्या वडिलांचं सुताचं दुकान होतं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “आमचे आजोबा हातमागावर होते, ते तिथूनच सूत घ्यायचे. ते सांगायचे, दुकानातला पोरगा भारी होता, नुसत्या बोटांनी नंबर सांगायचा.”

जुलैत मी तिच्या वडिलांच्या कामावरून सगळ्यांना हसवलं, तेव्हाही तिला हे माहीत होतं. तिला एका शब्दानं मला त्या पोरांसमोर गप्प करता आलं असतं. तिनं सलाम केला होता आणि ती गेली होती.

“भीती नाही वाटली तुला? दोरा लिहिताना?”

“खूप वाटली. म्हणून तर खाली लिहिलंय ना.”

“काय लिहिलंय?”

तिनं बॅगेचा पट्टा सोडला. “तुम्ही वाचलं नाहीत?”

परीक्षा कचेरी तळमजल्यावर. मी पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि कारकून टेबलावर फूल, म्हणजे आमची घेवड्याची उसळ, आणि भाकरी मांडून बसला होता. मला बघून त्यानं कांद्याची फोड खाली ठेवली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि फॉर्म पुढे केला. त्यात एक चौकट होती: मार्क बदलण्याचं कारण.

“परीक्षकाची चूक,” मी लिहिलं.

“डॉक्टर, असं कुणी लिहीत नाही,” कारकून म्हणाला. “बेरजेत चूक झाली असं लिहा. सगळे तेच लिहितात.”

“बेरीज बरोबर होती.”

“बरं, पण मग मला एक सांगा. हिचं बरोबर, तर बाकीच्यांचं चूक ना? सगळ्यांचे दोन-दोन कापायचे?”

“त्यांचे राहू दे,” मी म्हणालो. “त्यांनी मला हवं ते लिहिलं. ते मार्क माझ्याकडून गेलेत.”

त्याला काही कळलं नाही. त्यानं खांदे उडवले आणि इब्तिहालची उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवली. सातवं उत्तर शोधावं लागलं नाही, कागद तिथंच फाटलेला होता. मी शून्य खोडलं आणि दोन लिहिले. मग चष्मा वर करून, कागद डोळ्यांशी नेऊन, खालची ती बारीक ओळ वाचली. इंग्रजीत नव्हती, आमच्या अरबीत होती, घाईघाईत, घंटेच्या आत बसवलेली.

‘माफ करा, डॉक्टर.’

“लवकर करा हो,” कारकून म्हणाला. “दोनला शिक्का बंद होतो.”

मी लाल पेननं तिची ती ओळ खोडली.

“अहो, मुलांनी लिहिलेलं खोडायचं नसतं! नियम आहे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं, आणि खोडलेल्या ओळीच्या शेजारी, तेवढ्याच बारीक अक्षरात, माझी माफी लिहिली. खाली सही केली आणि कागद शिक्क्यासाठी त्याच्याकडे सरकवला.